ऑफिसात सोबत काम करणाऱ्यांना आपल्या विश्वासाबद्दल तुम्ही कसं सांगता? की सांगतच नाही?

मोहरीचा_दाणा

हा धागा काढू की नको यात चार दिवस गेले, आज काढतेच. मी अकाउंट्समध्ये आहे. बाजूच्या खुर्चीवर बसणारी मैत्रीण, तिला इथं मी शेजारीणच म्हणते, गेली सहा वर्षं माझ्यासोबत आहे. तिच्या घरचं सगळं मला माहीत, माझ्या घरचं तिला. फक्त माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तिला माहीत नाही. म्हणजे मी ख्रिस्ती आहे, रविवारी उपासनेला जाते एवढं ठाऊक आहे, पण ते कुणाचा रक्तगट ठाऊक असावा तसं.

गेल्या महिन्यात क्लोजिंगच्या वेळी माझ्याकडून एक मोठी नोंद दोनदा पडली. कुणाच्या लक्षात आली नव्हती आणि खरं सांगायचं तर पुढच्या महिन्यात गुपचूप उलटी नोंद टाकून मिटवता आली असती. मी जाऊन साहेबांना सांगितलं, बोलणी खाल्ली, आणि रात्री नऊपर्यंत बसून सगळं परत जुळवलं. शेजारीण माझ्यासाठी थांबली होती. सगळे गेल्यावर तिनं विचारलं, "तू सांगितलंस कशाला गं? भीती नाही वाटली?"

अगदी सरळ प्रश्न. उत्तर जिभेवर होतं. नऊ वर्षांपूर्वी मी अशीच एक गोष्ट लपवून वर्षभर झोप घालवली होती, तेव्हा येशूनं मला त्यातून बाहेर काढलं, तेव्हापासून मला लपवालपवी सोसतच नाही, इतकंच सांगायचं होतं. आणि मी काय म्हणाले? "अगं असंच. नंतर सापडलं असतं तर जास्त महागात पडलं असतं." ती "हं" म्हणाली आणि तिनं मॉनिटर बंद केला. तो "हं" अजून माझ्या कानात आहे.

मला कुणावर काही लादायचं नाही. कामाची जागा आहे, तिथले नियम आहेत, आणि ती दुसऱ्या धर्माची आहे, तिच्या श्रद्धेचा मला खरोखर आदर आहे. पण तिनं विचारूनसुद्धा मी खोटंच बोलले ना? तुम्ही लोक हे कसं करता ते मनापासून जाणून घ्यायचंय. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा, किंबहुना तुम्ही तर नक्कीच लिहा.


नाईटशिफ्ट

ताई, आधी एक गोष्ट सांगते, तू तिला जे दाखवलंस ते वाया गेलेलं नाही. प्रश्न तिला पडलाय, तो कुठं पळून जात नाही.

मी नर्स आहे, सोळा वर्षं वॉर्डात. माझ्या अनुभवात सोबतचे लोक आपलं बोलणं फार नंतर ऐकतात, आधी आपला हँडओव्हर बघतात. रात्रीची ड्युटी संपताना चार्ट अर्धवट टाकून जाणारी बाई प्रार्थनेच्या गोष्टी सांगायला लागली तर पुढच्या शिफ्टची मुलगी काय ऐकणार? बायबलमधल्या प्रेषित पौलाचं मला म्हणूनच फार जवळचं वाटतं. करिंथमध्ये तो अक्विला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोच्या घरी राहून त्यांच्याबरोबर तंबू करायचा, तिघांचा धंदा एकच होता (प्रेषितांची कृत्ये १८). दीड वर्ष तो त्या शहरात होता. कातडं असो की कापड, टाका सैल पडला तर पाणी आत येणारच, आणि ज्याच्या तंबूत पाणी आलं तो पौलाचं पुढचं काही ऐकून घेणार नाही. थेस्सलनीका गावच्या विश्वासणाऱ्यांना तर त्यानं स्पष्टच लिहिलंय की शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, आपल्या हातांनी काम करा, म्हणजे बाहेरच्यांशी तुमचं वागणं सभ्य राहील (१ थेस्स ४:११-१२).

एक फरक मात्र आमच्या पेशात फार काटेकोर पाळावा लागतो आणि तो सगळीकडेच लागू आहे असं मला वाटतं. पेशंटला मी माझ्या विश्वासाबद्दल आपणहून कधीच सांगत नाही. तो पलंगावर आडवा आहे, त्याची सलाईन माझ्या हातात आहे, तो मला नाही कसं म्हणेल? त्यानं स्वतः प्रार्थना करा म्हटलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा मी दोन मिनिटं थांबते. सोबतच्या सिस्टर्सशी मात्र मी बोलते, कारण त्या मला तोंडावर "बास आता" म्हणू शकतात, आणि म्हणतातही.


उंबरठा

मी ख्रिस्ती नाही. धागा वाचून पुढं जाणार होते पण "नक्कीच लिहा" म्हटलंय म्हणून थांबले. पलीकडच्या बाजूनं कसं दिसतं ते सांगते, रागानं लिहीत नाहीये, पण जरा मोठं होईल.

माझ्या पहिल्या नोकरीत एक सीनियर बाई होत्या. सुरुवातीला इतकं छान वागायच्या की मला मोठी बहीण मिळाल्यासारखं वाटलं, नवीन होते, काहीच येत नव्हतं, त्यांनी एकेक गोष्ट हाताला धरून शिकवली. दोनेक महिन्यांनी रोज सकाळी मोबाईलवर वचनं यायला लागली. मग टेबलावर पत्रकं. मग "या रविवारी येतेस का" आणि मी दरवेळी काहीतरी कारण काढायचे, आई आजारी, पाहुणे आलेत, कारण त्यांनी मला काम शिकवलं होतं, त्यांना तोंडावर नाही म्हणायची लाज वाटायची. शेवटी एकदा जिन्यात गाठून त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं की मला यात रस नाही, राग मानू नका.

त्यांनी राग मानला नाही. त्यांनी माझ्याशी बोलणंच बंद केलं. भांडण नाही, काही नाही, कामापुरतं हो-नाही. दुपारच्या सुट्टीत त्या नव्या मुलीशेजारी बसायला लागल्या. मी ट्रे घेऊन उभी होते आणि त्यांनी मान वर करून बघितलंही नाही. त्या क्षणी मला कळलं की ते आठ महिने मी त्यांची मैत्रीण नव्हतेच, मी सावज होते.

त्यांचा देव काय म्हणतो ते मला आज आठवत नाही. तो ट्रे मात्र आठवतो.

मोहरीचा_दाणा, तुमच्या शेजारणीला काही सांगाल तेव्हा स्वतःला एवढंच विचारा की ती "नको गं हे" म्हणाली तर दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्यासाठी रात्री नऊपर्यंत थांबाल का.


मोहरीचा_दाणा

उंबरठा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. त्या बाईंच्या वतीनं माफी मागायचा मला अधिकार नाही, पण वाईट वाटलं, फार वाटलं. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो आहे. ते लिहिताना मात्र मला एकदा थांबून खरंच तपासावं लागलं, आणि तपासायला लावल्याबद्दल आभार.


जुना_सुतार

चाळीस वर्षं कारखान्यात काढली, आता निवृत्त आहे, आमच्या चर्चच्या मंडळीत वडील, म्हणजे ज्येष्ठ जबाबदार माणूस, म्हणून सेवा करतो. या विषयावर तरुण पोरं माझ्याकडे येतात तेव्हा हमखास बायबलमधलं एकच वचन घेऊन येतात, पेत्राच्या पहिल्या पत्रातलं, १ पेत्र ३:१५. "तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा." बरोबर आहे. पण बाबांनो, ते वचन तिथं संपत नाही! सौम्यतेनं आणि आदरानं द्या, असं लगेच पुढं आहे, आणि सोळाव्या ओवीत चांगल्या विवेकभावाचं आहे. पुढचा भाग खाऊन टाकला की वचन निम्मं उरतं.

आणि हे कुणाला लिहिलंय तेही बघा. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया, बिथुनिया इथं पांगलेल्या लोकांना, ज्यांच्याबद्दल आसपास वाईटसाईट बोललं जात होतं. त्यांना पेत्र चौकात जाऊन ओरडा असं सांगत नाही. तुमचं जगणं बघून लोक विचारतील, तेव्हा गप्प बसू नका, इतकं सांगतो. म्हणजे क्रम आहे: आधी समोरच्याचा प्रश्न, मग तुमचं उत्तर. तिथं 'उत्तर' साठीचा मूळ ग्रीक शब्द कोर्टात आपली बाजू मांडण्याचा आहे. बाजू मांडणारा माणूस विचारल्यावर बोलतो, मुद्द्याचं बोलतो आणि खाली बसतो.

लेकी, तुझ्या शेजारणीनं प्रश्न विचारलाच होता. तेव्हा दार तू वाजवलेलं नाहीस, तिनं उघडलंय. तू फक्त आत गेली नाहीस. परत जाता येतं.

बोलायचं काय, हा धसका बऱ्याच जणांना असतो. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे समजावता येईल का, दुःख का आहे याचं उत्तर येईल का. योहान ९ मधला जन्मांध आठवा. शिकलेली माणसं त्याला उलटसुलट विचारतात, तो म्हणतो तो पापी आहे की नाही मला ठाऊक नाही, एक गोष्ट ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. त्याची साक्ष तेवढीच. तुझी नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणजे तुझं "आता दिसतं" आहे. दोन मिनिटांत बसते.


पेटती_वात

सगळ्यांचं वाचलं. माझं मत जरा वेगळं आहे आणि कुणी वाईट वाटून घेऊ नका, मी तळमळीनं लिहितोय.

आपण ख्रिस्ती लोक "मी जगण्यातून दाखवतो" या वाक्यामागं लपतो. मी स्वतः अकरा वर्षं लपलो. चांगलं काम केलं, वेळेवर आलो, कुणाची चहाडी केली नाही, आणि मनात म्हणायचो माझं जीवनच सुवार्ता, म्हणजे येशूची शुभ बातमी, आहे. मग आमच्यातला एक जण वारला. बेचाळीस वर्षांचा, आदल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून एक ऑर्डर पाठवली होती. अकरा वर्षं रोज आठ तास सोबत. त्याला माझ्या चांगल्या वागण्याचं कारण कधी कळलंच नाही, त्यानं समजून घेतलं असेल की हा स्वभावानं बरा माणूस आहे. म्हणजे श्रेय मलाच मिळालं, प्रभूला नाही. हे मी कुठल्या तोंडानं साक्ष म्हणू?

असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर एक वाक्य फिरतं, की सुवार्ता सांगा आणि गरज पडली तरच शब्द वापरा. त्याच्या लिखाणात ते कुठंही सापडत नाही, आणि तो माणूस स्वतः गावोगाव फिरून तोंडानं उपदेश करायचा. पौल रोमकरांस लिहितो की ज्याच्याविषयी ऐकलंच नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवतील, आणि घोषणा करणाऱ्यावाचून ऐकतील कसं (रोम १०:१४). पेत्र आणि योहान या येशूच्या शिष्यांना त्याच्याबद्दल बोलायची बंदी घातली तेव्हा ते म्हणाले जे पाहिलं ऐकलं ते न बोलणं आम्हाला शक्य नाही.

आदर हवा, सक्ती नको, शंभर टक्के मान्य. पण मौनाला आदर म्हणू नका. माझ्या बाबतीत ती भीती होती.


नाईटशिफ्ट

पेटती_वात दादा, तुमच्या मित्राचं वाचून गलबलून आलं. आणि तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, मी माझ्या प्रतिसादात कामावर जरा जास्तच भर दिला. हँडओव्हर नीट दिला की माझं झालं, असं मीही कधीकधी स्वतःला समजावते.


उंबरठा

पेटती_वात, तुमची तळमळ खोटी नाही हे मला कळतं. तुम्हाला जे सगळ्यात मौल्यवान वाटतं ते तुम्ही लपवून ठेवलंत तर ती मैत्री अर्धीच, हेही पटतं. मला त्रास सांगण्याचा झाला नव्हता. सांगून झाल्यावर माझं उत्तर त्यांना चाललं नाही, त्याचा झाला.

उलट अनुभवही आहे, तोही सांगायला हवा. आत्ताच्या नोकरीत आई आयसीयूत होती तेव्हा माझ्या टीममधला एक जण, तो ख्रिस्ती आहे, दुपारी माझ्या टेबलापाशी आला, उभाच राहिला आणि म्हणाला, "मी आईंसाठी रोज प्रार्थना करतोय. तुला हे सांगितलेलं चालेल ना? आणि तुझे दोन रिपोर्ट मी घेतलेत, तू नीघ." मी हो म्हटलं. पुढं त्यानं विषय काढला नाही. पंधरा दिवसांनी फक्त विचारलं, आईंचं नाव काय, नाव घेऊन प्रार्थना करायला बरं पडतं. आई घरी आली. आजही मी माझ्याच देवाला हात जोडते, आणि ते त्यालाही माहीत आहे. पण त्या आठवड्यानंतर तो कशावर विश्वास ठेवतो ते मी आपणहून विचारलं आणि तासभर ऐकलं. त्यातलं काही पटलं, काही नाही. आम्ही अजून एकत्र बसतो.


केबिन_क्र_४

एक बाजू राहिलीये ती मांडतो कारण त्यात मी चुकलोय.

माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या उपासनेला मी सगळ्या टीमला बोलावलं. हसतखेळत, "जमलं तर या" म्हणून. सहा जण आले. मला इतका आनंद झाला की घरी जाऊन बायकोला सांगितलं बघ प्रभूनं दार उघडलं. पुढं चार महिन्यांनी एक मुलगा नोकरी सोडून जाताना शेवटच्या दिवशी मोकळेपणानं बोलला. म्हणाला सर, त्या दिवशी मी आलो कारण पुढच्या आठवड्यात अप्रेझल होतं.

मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. मी त्याला एका शब्दानं दाबलं नव्हतं. पण माझं "जमलं तर या" त्याच्या कानापर्यंत जाईतो "या" एवढंच उरलं होतं. पगारवाढ ज्याच्या सहीनं होते त्याचं निमंत्रण साधं निमंत्रण नसतं, हे मला व्यवस्थापनाच्या पंधरा वर्षांत कुणी शिकवलं नाही, त्या पोरानं जाताजाता शिकवलं.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचं कलम १८ मी तेव्हा नीट वाचलं. त्यात धर्म बाळगण्याचं, बदलण्याचं आणि आचरणातून, उपासनेतून, शिकवणीतून तो व्यक्त करण्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. हे आपल्याला तोंडपाठ असतं. १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही कलम १८ च आहे आणि त्याचा दुसरा उपपरिच्छेद म्हणतो की माणसाच्या धर्म निवडण्याच्या स्वातंत्र्याला बाध येईल अशी जबरदस्ती कुणावर होता कामा नये. म्हणजे माझं स्वातंत्र्य आणि त्या मुलाचं स्वातंत्र्य एकाच कलमातलं आहे. आपापल्या देशाचे कायदे आणि कंपनीचे नियम आणखी वेगळे असतात, ते ज्याचे त्यानं वाचावेतच.

तेव्हापासून माझ्या हाताखालच्या माणसांशी मी विश्वासाचा विषय स्वतः काढत नाही. कुणी विचारलं तर सांगतो, पण केबिनमध्ये नाही, आणि सांगायच्या आधी म्हणतो की याचा कामाशी काडीचा संबंध नाही. बरोबरीच्या लोकांशी मात्र मोकळेपणानं बोलतो. मोहरीचा_दाणा ताई, तुम्ही दोघी बरोबरीच्या आहात, हे तुमच्याकडे मोठं आहे.


पेटती_वात

केबिन_क्र_४ सर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण मी कधी कुणाचा बॉस झालो नाही. मान्य.


नवा_कोंब

मी नवीन विश्वासणारा आहे, बाप्तिस्मा होऊन सात महिने झाले. एक छोटा प्रश्न, ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक वचन टाकलं तर चालेल का? बाकीचे लोक त्यांचे सुविचार टाकतात.


नाईटशिफ्ट

नको रे भाऊ. तो ग्रुप कामाचा आहे, तिथून कुणाला बाहेर पडता येत नाही. आणि तीस जणांना पाठवलेलं वचन कुणालाच पाठवलेलं नसतं. सणाला सगळे शुभेच्छा देतात तेव्हा तूही तुझ्या सणाला दे की.


जुना_सुतार

नवा_कोंब, तुझा उत्साह विझू देऊ नकोस हं. गरसेकरांच्या प्रांतातला भूतग्रस्त बरा झाला तेव्हा तो येशूबरोबर यायला निघाला होता, येशूनं त्याला सांगितलं घरी जा, आपल्या माणसांना सांग प्रभूनं तुझ्यासाठी काय केलं (मार्क ५). ओळखीची माणसं, समोरासमोर. आणि तुझ्यात सात महिन्यांत काय बदललं ते तुझ्या शेजारच्याला ग्रुपवर वाचायची गरज पडणार नाही, त्याला दिसतंच आहे.

या निमित्तानं आपल्या रेव्हरंड टिळकांची आठवण झाली. नारायण वामन टिळक आगगाडीनं चालले होते, डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी आधी टिळकांशी काव्यावर गप्पा मारल्या, टिळक कवी माणूस, खुलले. मग उतरताना नव्या कराराची प्रत हातात दिली, वाचून बघा म्हणाले. पुन्हा भेट नाही. टिळकांनी वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, पुढं जाववेना. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. गाडीतल्या माणसानं त्या दिवशी काय केलं? समोरच्याला जे आवडतं त्यात मनापासून रस घेतला, एक पुस्तक दिलं आणि आपल्या स्टेशनवर उतरला.

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं विसरू नका. नवऱ्याच्या धर्मांतरानं त्यांचा संसार उन्हात पडला, काही वर्षं दोघं वेगळे राहिले, आणि पुढं १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला. नवरा असूनसुद्धा तो निर्णय टिळकांना त्यांच्यासाठी घेता आला नाही. मग आपण तर नुसते शेजारच्या टेबलवरचे.


उंबरठा

लक्ष्मीबाईंचं उदाहरण तुम्हीच दिलंत हे मला आवडलं काका. बाप्तिस्म्याच्या गोष्टी सांगताना घरातल्या माणसांचं काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही.


मोहरीचा_दाणा

अकरा दिवसांनी येतेय. जसं घडलं तसं लिहिते.

मी मुद्दाम वेळ साधली नाही, खरं तर रोज साधायचं ठरवायचे आणि टाळायचे. काल संध्याकाळी प्रिंटरचा कागद अडकला होता, आम्ही दोघी खाली बसून तो तुकड्या-तुकड्यानं काढत होतो, तिचे हात काळे, माझे हात काळे. मी म्हटलं, "त्या दिवशी तू विचारलं होतंस ना, मी साहेबांना का सांगितलं. मी तुला अर्धंच उत्तर दिलं. पूर्ण सांगू का? नको असेल तर तसं सांग." ती कागद ओढता ओढता म्हणाली, सांग की.

मग मी सांगितलं. मागच्या नोकरीत मी काय लपवलं होतं, ते वर्ष कसं गेलं, एका रात्री मोठ्यानं देवाला हाक मारली तेव्हा मला येशूबद्दल फार काही माहीतसुद्धा नव्हतं, आणि क्षमा मिळाली हे कळल्यावर पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपले. पाच मिनिटं लागली असतील. काका, दोन मिनिटांत नाही बसलं. आवाज थरथरत होता, मधे एकदा रडूही आलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सहा वर्षं झाली गं आपल्याला. हे आत्ता सांगतेस?" रागावली होती, पण मी सांगितलं म्हणून नाही, इतके दिवस सांगितलं नाही म्हणून.

आणि मग तिनं जे विचारलं त्याची माझी तयारी नव्हती. तिचे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, मी त्यांना ओळखायचे, फार भला माणूस. ती म्हणाली, "तुझ्या हिशोबानं माझे बाबा कुठं आहेत?"

मला आमच्याकडे देतात ती उत्तरं येतात. एकही तोंडातून बाहेर पडेना. मी म्हटलं, "बाबांचा न्याय करणारी मी कोण? माझ्यावर दया करणाऱ्याला मी ओळखते, आणि बाबांना तो माझ्यापेक्षा जास्त ओळखतो. याहून जास्त मी तुला छातीठोकपणे सांगितलं तर ते मी माझ्या पदरचं सांगेन." ती रडली. मी तिचा हात धरून बसले, दोघींच्या हाताची शाई एकमेकींना लागली. मग तिनं प्रिंटरचं झाकण लावलं आणि तो सुरू झाला.

आज सकाळी मी घाबरतच गेले. तिनं नेहमीसारखी खुर्ची माझ्याकडे फिरवली, बँकेच्या स्टेटमेंटबद्दल बोलली, दुपारी सोबतच बसलो. निघताना म्हणाली, "ते तुझ्या येशूचं मूळ पुस्तकातच वाचायचं असेल तर कुठून सुरू करतात? मोठं काही देऊ नकोस."

काका, काय देऊ?


पेटती_वात

ताई, डोळे भरून आले. तिच्या बाबांच्या प्रश्नावर मी असतो तर घाईनं काहीतरी बोलून गेलो असतो.


उंबरठा

मी तिच्या जागी असते तर मलाही हाच राग आला असता, सहा वर्षांचा.


जुना_सुतार

मार्क दे. येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, सोळा अध्याय, एका बैठकीत वाचून होतं आणि पहिल्याच अध्यायात येशू कामाला लागलेला दिसतो. सुटी प्रत मिळते, जाडजूड ग्रंथ हातात ठेवू नकोस. जुनी भाषा जड जाणार असेल तर सोप्या मराठीतलं भाषांतर बघ. आत खुणा, रेघा, चिठ्ठ्या काही नको, तिला जिथं थांबायचं तिथं ती थांबेल. आणि वाचलंस का म्हणून विचारू नकोस लेकी, तिला त्या बाबतीत उत्तर द्यायचं नसेल तर प्रिंटरबद्दल बोला.


मोहरीचा_दाणा

ठीक काका. मार्कच देते. उद्या तिची सुट्टी आहे, परवा.